सध्याचा पत्ता

विट्यात, झेरॉक्सच्या दुकानावर आमचं केंद्र.
एक टेबल, दोन खुर्च्या, आणि वीस प्रश्नांचा फॉर्म.
हो किंवा नाही. समोर खूण करायची.

घरात हत्यार आहे का?
न्हाई ओ, वैजयंता म्हणाली,
आणि पाण्याचा ग्लास टेबलावर फिरवत राहिली.
नुसतं तेजाब असतंय. सोन्याचं.
गलाईचा धंदा हाय न्हवं त्यांचा, सेलमला.
ह्या खेपंला येताना कॅन आणलाय.
मोरीवरच्या फळीवर ठेवलाय.
मी केलेली खूण खोडली.

गळा दाबला होता का कधी?
दाबला न्हाई. नुसता धरला.
किती वेळ?
दुधाचा हिशेब करावा तसा तिनं बोटांवर काहीतरी मोजलं.
भात करपायला लागला तवर.
फॉर्ममध्ये तेवढ्याला जागा नव्हती.

शेजारी ऐकू जातं?
सगळीकडं माग, मॅडम. रातंदिस खटखट.
वीज गेली तरच मालनमामीला ऐकू येतंय.
म्हणून वीज जायच्या आत उरकत्यात.
हे सांगताना ती थोडी हसली,
नवऱ्याचा वक्तशीरपणा सांगावा तशी.

बेरीज अकरा आली.
आमच्या कागदावर चौदाच्या पुढं धोका गंभीर.
अकरा म्हणजे समज द्यायची, पंधरा दिवसांनी बोलवायचं.
पेन खाली ठेवलं. विचारलं,
तुला काय वाटतं गं?
हा प्रश्न वीसांत नाही.

आठ दिवस झालं, मारलं न्हाई.
आवाज सुदीक न्हाई. परवा भांडी घासू लागलं.
आन् ईश्वरीला इचारत हुतं,
शाळंची गाडी कुठं कुठं थांबती, बाळा?
मारत्यात तवा कळतंय, मॅडम, माणूस कुठं हाय ते.
आता कळंना.

मी ते समासात लिहिलं. समास संपला
तशी ओळ कागदाच्या कडेनं वर चढवली.
अकराचा आकडा तसाच राहिला. मी त्याचं ऐकलं नाही.

पुढचं सगळं सांगत नाही. एवढंच:
रेशन कार्ड, दाखले मामींच्या टोपलीत, कांड्यांखाली.
माझा नंबर तिच्या मोबाईलात 'गॅस बुकिंग'.
गच्चीवर पिवळी बादली पालथी असली
तर कुणी दार वाजवायचं नाही.
निघायचं ते रात्री नाही. भर दुपारी,
हातात फक्त दळणाची पिशवी.
कॅनबद्दल साहेबांना लेखी दिलं.
पोच मिळाली. शिक्का पुसट.

गुरुवारी गेल्या दोघी. यष्टी कुठली, विचारलं नाही.
मामींनाही बजावलं, मला सांगू नका.
'सध्याचा पत्ता' एवढी चौकट कोरी.
तालुक्याच्या बैठकीत मोठ्या बाईंनी तिथंच बोट ठेवलं,
हे अपूर्ण आहे.
असू दे म्हटलं.

शनिवारी तो आला.
इस्त्रीचा शर्ट, बोटांची टोकं तेजाबानं पिवळी.
तिच्याच खुर्चीत बसला. हात जोडले.
लेकराची आठवण येती ओ. दुसरं काय न्हाई.
रडला. खरंच रडला असेल,
मी ते तपासत नाही.
फॉर्म पालथा घातला. मला माहीत नाही म्हटलं,
आणि खरं बोलत असून माझा आवाज कापला.

उठला. जिन्याशी थांबला.
मॅडम, तुमचं घर कराड रोडलाच न्हवं?
दुधाच्या डेअरीम्होरं?

तेवढ्यात वीज गेली.
गावभरचे माग एकदम गप्प झाले.
मी टेबलाला धरून ऐकत राहिले.
खाली त्याची गाडी
बराच वेळ सुरू झाली नाही.